धवलारीण, नागीण आणि अर्धी गोळी

माळशेज घाटाकडे जाणारे लोक मुरबाडला उतरून चहा पितात, आणि नाशिकला जाणारे शहापूर हमरस्त्यावरूनच मागे टाकतात. मीही आजवर तेच केलं होतं. २००३च्या एप्रिलात मात्र याच दोन तालुक्यांत चार दिवस राहिले, आणि तेही लोकांची दुखणी ऐकत. सहल म्हणून कुणाला सुचवावी अशी ही गोष्ट नव्हे. पण परत आल्यापासून शेजारणींना सांगता सांगता माझा चहा रोज गार होतोय, तेव्हा एकदा लिहूनच काढते.

माझी मावसबहीण सुधा कल्याणला भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर माणसाला झोपवण्यापेक्षा, जागेपणी ज्याचं दुखणं थांबत नाही त्याचं काय करायचं, यात तिचं मन जास्त रमतं. महिन्यातून एकदा ती शहापूर-मुरबाडकडे फेरी मारते आणि फक्त असेच पेशंट बघते. तिची मदतनीस बाळंतपणाला गेली तेव्हा तिला मी आठवले. सांगलीत एका दवाखान्याची सगळी व्यवस्था मी पाहते. रांग लावणं, औषधं मोजणं, याद्या करणं हे माझं काम, आणि घरचे म्हणतात की खोडसुद्धा.

"ताई, औषधं मी बघते, माणसं तू बघ," सुधा म्हणाली. मी बॅग भरली.

बुधवार. शहापूर

बाजारपेठेत खत-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली सुधा दिवसापुरती घेते. जिन्यात युरियाचा वास, वर एक खाट, दोन खुर्च्या. मी आल्या आल्या चपलांची जागा ठरवली, पाण्याचा माठ सावलीत सरकवला आणि पेशंटना जिन्यावर उतरत्या रांगेत बसवलं. गुडघेवाले खालच्या पायऱ्यांवर. त्यांना चढायला लावण्यापेक्षा सुधाच त्यांच्याकडे उतरून जाईल, असं ठरवून टाकलं. सुधानं भुवया उंचावल्या, पण उतरली.

आमच्याकडे बाई "दुखतंय" म्हणते आणि गप्प बसते. इथे दुखण्याला नाना नावं. कुणाचं ठसठसतं, कुणाला चमक भरते, कुणाला कळ येते. एका आजोबांनी सांगितलं, "पायात मुंग्यांचं वारूळ हाय, पन मुंग्या दिसत नाय." सुधा हे सगळं शब्दशः लिहून घेते. कशा प्रकारचं दुखतंय त्यावरून कुठली वायर बिघडली ते कळतं, असं तिचं म्हणणं.

दुपारी आमचे जीपवाले रघुनाथदादा डबा घेऊन आले. ते वाशिंदचे. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी जीप घेतली. डब्यात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आधी पापुद्र्यासारखी हलकी वाटते. चौथी खाल्ल्यावर तिचं खरं वजन कळतं.

"सांगलीच्या म्याडम, सावकाश," रघुनाथदादा म्हणाले. "अजून लय जिने चढायचेत."

जेवत असतानाच सुधाचा मोबाइल वाजला. पलीकडची बाई एवढ्या मोठ्यानं बोलत होती की अर्धं मलाही ऐकू आलं. सुधा नुसतं "कधीपासून?" आणि "मंदा, मी शुक्रवारी येतेय, तोवर त्यांना ओरडू नकोस" एवढंच म्हणाली.

मग तिनं मला सांगितलं ते असं. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या वाटेवर एका गावात हिराबाई नावाच्या धवलारीण राहतात. फोनवर होती ती त्यांची सून मंदा. धवलारीण म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडे भटजी मंगलाष्टकं म्हणतात. इथल्या शेतकरी घरांत अजून पुष्कळ ठिकाणी ही बाईच ढवळे गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांतूनच लग्न पुढे सरकतं. सकाळी मांडवात ती गावदेवापासून वाडवडिलांपर्यंत सगळ्यांना नाव घेऊन आमंत्रण करते. नावं तोंडपाठ, आणि त्यांचा क्रम ठरलेला. एक नाव राहिलं तर तो देव बिनबोलावलेला राहिला.

या हिराबाईंना गेल्या गणपतीनंतर नागीण झाली. डाव्या कुशीवरून छातीपर्यंत पुरळ उठलं. गेरू लावून, पाला लावून पुरळ गेलं. दुखणं गेलं नाही. कातडी वरून साफ, पण चोळीचं कापड टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं. माघात सुधानं त्यांना रात्रीची एक बारीकशी गोळी सुरू केली, आणि होळीपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं. आता पाडव्यानंतर त्यांनी ती परस्पर बंद करून टाकली होती. दुखणं परत आलं होतं. आणि या शनिवारी गावात लग्न होतं, ते त्यांनीच लावायचं होतं.

"नाही लावलं तर?" मी विचारलं.

"तर शेजारच्या गावची बाई लावेल. आणि मग पुढचं प्रत्येक लग्न तीच लावेल," सुधा म्हणाली. "हिराबाईंना दुखण्यापेक्षा त्याचं भय जास्त आहे."

गुरुवार. भातसानगर आणि पुढचा रस्ता

भातसानगर म्हणजे धरणाच्या पायथ्याची वसाहत. एकसारखी घरं, मोठाली झाडं, आणि सरकारी वसाहतीची ती विशिष्ट शांतता. इथलं पाणी मुंबई पिते, हे सगळ्यांना माहीत आहे. इथल्या बायका ते एवढ्या सहजपणे सांगतात, जणू शेजारणीला विरजण दिलं. सकाळभर पेशंट पाहिल्यावर मी धरण बघायला एकटीच वर चढले. पाणी, डोंगर, वर एक घार. बघून मन भरलं, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर माझा पाय मुरगळला.

घोटा बटाट्याएवढा झाला. सुधानं पट्टी बांधली, "हाड शाबूत आहे" म्हणाली, आणि आम्ही किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालो. वाटेत जीप पंक्चर. रघुनाथदादा चाक काढायला बसले, सुधा मोबाइलला रेंज शोधत टेकाडावर गेली, आणि मी लंगडत एका चहाच्या छपराखाली जाऊन बसले.

चहावाल्या बाईंनी माझा पाय बघितला. "बिबा घालू?"

बिबा मला औषधाच्या डब्यातला माहीत. माझी आई बाळंतिणीला द्यायची. इथे तो जंगलातून येतो आणि दुखऱ्या जागेवर त्याच्या तेलाचे चटके देतात. मी नको म्हणणार तेवढ्यात रघुनाथदादा चाकामागून ओरडले, "घाला घाला! म्याडम सांगलीच्या हायत, तिखट खातात."

मला नवीन काही दिसलं की करून पाहावंसं वाटतं. बाईंनी बिबा सुईला टोचून चुलीवर धरला, तेल सुटल्यावर पट्टीच्या वर, पोटरीवर चार ठिपके दिले. देवाशपथ सांगते, मी ओरडले ते ऐकून सुधा टेकाडावरून धावत आली.

"ताई! भाजेल ना! उद्या फोड येईल तिथे!" तिनं ठिपके पुसायला घेतले, बाईंकडे रागानं पाहिलं, आणि मग एकदम थांबली. "एक सांग. घोटा दुखतोय?"

मी विचार केला. पोटरी पेटली होती. घोटा... "नाही गं. म्हणजे असेल, पण कुठे आहे ते कळत नाहीये."

"बग्गा," चहावाल्या बाई म्हणाल्या. "दुकन्यावर दुकना."

सुधाचा राग तिथेच विरघळला. तिच्यातली शिक्षिका जागी झाली. चाक लागेपर्यंत तिनं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देते, कारण माझ्या डोक्यात ते पहिल्यांदाच नीट बसलं.

घोट्यातून निघालेली कळ सरळ मेंदूत जात नाही. आधी ती पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत पोचते. तिथे एक तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो, मधे अगदी बारीक फट. निरोप ती फट रसायनाच्या रूपानं ओलांडतो आणि मग वर मेंदूकडे जातो. इथवर मला कळलं होतं. नवीन होतं ते पुढचं: मेंदू नुसता निरोपाची वाट बघत बसत नाही. तोही वरून आपले तंतू खाली सोडतो, बरोबर त्याच फटीपाशी. त्यांच्या टोकांतून सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन अशी द्रव्यं झिरपतात. शिवाय शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं बनवतं, ती वेगळी. ही सगळी मिळून ठरवतात की खालून आलेल्या कळीपैकी किती वर जाऊ द्यायची. दुसरीकडे जोराचा चटका बसला की मेंदूच्या मुळाशी गडबड उडते, वरून ही द्रव्यं सुटतात आणि पहिल्या जागेची कळ दबते. बिब्याचा प्रताप तो एवढाच, आणि थोड्या वेळापुरताच.

"म्हणजे धरणाचा दरवाजा," मी म्हटलं. नुकतंच बघून आले होते.

"उलटं झालं. धरणात पाणी वरून खाली येतं. इथे कळ खालून वर जाते आणि दरवाजा ओढणारा वर बसलाय. आणि तो पूर्ण बंद कधीच होत नाही."

"झाला तर बरं की."

"चुलीवर हात पडला तरी कळायचं नाही तुला. कळ पाहिजे, ताई. नागिणीनंतर काय होतं, तर खालची तार सोलली जाते आणि चोळी टेकली तरी भाजल्याचे निरोप पाठवत राहते. वरच्यानं किती दाबायचं?"

"मग हिराबाईंची गोळी?"

"ही द्रव्यं काम झालं की ज्या तंतूतून आली त्यातच परत शोषली जातात. गोळी ते होऊ देत नाही. मग ती फटीत जास्त वेळ राहतात, दाबण्याचं काम जास्त वेळ करतात. मूळ ती उदासीनतेवरची गोळी. तिथे मोठ्या मापात देतात, दुखण्याला अगदी लहान." तिनं माझ्या पोटरीवरचा उरलेला ठिपका पुसला. "त्यातही सेरोटोनिन मोठं लहरी. कुठे कळ कमी करतं, कुठे वाढवतंसुद्धा. सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही."

डॉक्टरच्या तोंडून हे शेवटचं वाक्य फार क्वचित ऐकू येतं. मला ते चहाइतकंच आवडलं. चहा गवती होता, आणि बाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. "वरडलात तेवढ्यात फिटला," म्हणाल्या.

मुरबाडला पोचेपर्यंत घोटा परत दुखायला लागला होता, आणि पोटरीही.

शुक्रवार. हिराबाईंचं घर

फोड आले. चार. लंगडत का होईना, मी सुधाबरोबर गेले.

गावाच्या टोकाला कौलारू घर, दारात मोहाची फुलं वाळत घातलेली. गोड, आंबूस वास. मंदा अंगण सारवत होती. मांडव इथून दिसत होता, तीन घरं सोडून. त्यावर आंब्याचे टहाळे टाकणं चाललं होतं. हिराबाई ओटीवर बसल्या होत्या. साठीच्या, काळ्यासावळ्या, ताठ. उजव्या खांद्यावर पदर, डावा हात अंगापासून लांब धरलेला, जसा ओल्या रंगाला कपडा लागू नये म्हणून आपण धरतो तसा.

"आली का गो डाक्टरीन," त्या म्हणाल्या. "आणि ही लंगडी कोन?"

"माझी बहीण. हिनं बिबा घालून घेतला."

"शानी हाय का ही?" त्या मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, आणि सरकून बसायला जागा केली.

गोळी का सोडली, ते आधी मंदानं सांगितलं. मुरबाडला दुकानात ती गोळ्या आणायला गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसानं कागद बघून सगळ्यांदेखत विचारलं, "घरात डोक्याचा त्रास कोनाला?" दुकानात गावचं आणखी कुणीतरी होतं. ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली: हिराबाय येड्याची गोळी खाते. लग्नघरात कुजबूज झाली. वेड्या बाईनं लग्न लावलं तर चालतं का, यावर कुणाचं फारसं अडलं नव्हतं. अडलं होतं ते नावांवर. डोक्याची गोळी खाऊन बाई देवाचं नाव विसरली तर?

"आणि तोंडाचं पन सांग," हिराबाई म्हणाल्या. "जीभ टाळूला चिकटते. गायचं कसं? सुक्या पाटावर वरवंटा फिरवल्यावानी आवाज येतो. मंग म्हटलं, जल्ली ती गोळी."

सुधा म्हणाली, ते खरं आहे, ही गोळी आणखी एका रसायनाच्या आडवी जाते, तोंडाला लाळ सोडायला सांगणाऱ्या. एक काम करताना दुसरं बिघडवते. हिराबाईंनी मान डोलावली. "गडीमाणूस तसाच. पानी भराया सांगावं तर घागर फोडून येतो."

हसता हसताच त्यांचा पदर सरकला, कुशीला लागला, आणि त्यांचा श्वास अडकला. बाई ओरडल्या नाहीत. डोळे मिटून वाट बघत राहिल्या, आणि आम्हीही.

"एक इचारू?" डोळे उघडून त्या म्हणाल्या. "गायला लागलं का नाय कळत. गानं थांबलं का पुन्ना येतं. दारातच उबी ऱ्हाते रांड."

सुधा पुढे सरकली. तिचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. तिला खेळणं मिळालं होतं. "आत्ता बघायचं?"

तिनं कापसाची वात काढली. हिराबाईंच्या कुशीला अगदी हलके लावली. बाईंनी दात आवळले. मग सुधा म्हणाली, "आता म्हणा." हिराबाईंनी डोळे मिटून सुरू केलं. एक ओळ त्या म्हणत आणि तीच ओळ मंदा शेणाच्या हातांनिशी अंगणातून उचलून परत म्हणे. ढवळ्याची चाल संथ, फारसे चढउतार नसलेली. ओवीसारखी वाटते पण ओवीपेक्षा लांब श्वासाची. सुधानं वात लावली. काही नाही. परत लावली. भुवईसुद्धा हलली नाही. मग गाणं संपलं, आणि पुन्हा वात लागताच हिराबाईंनी सुधाचा हात झटकला.

"बास गो, खेळ झाला."

"हे तुमचं तुम्हीच वरून सोडता," सुधा म्हणाली. "मन सगळं गाण्यात गेलं की मेंदू तेच औषध सोडतो जे गोळी टिकवून धरते. पण तुम्ही रात्रंदिवस गाऊ शकत नाही."

"रातचं झोपत नाय मी, तवा गाते," हिराबाई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात दामूनाना आले. नवऱ्या मुलाचे चुलते, लग्नाची सगळी सूत्रं त्यांच्या हाती. ओटीच्या खालीच उभे राहिले, टोपी काढून परत घातली.

"हिराबाय, राग मानू नको. पन सांजेपातुर सांग. नायतर मी दुसऱ्या गावाला मानूस धाडतो. पोराच्या लग्नाला देव ऱ्हायला नको."

"तुज्या दोनी पोरांची लग्ना कोनी लावली रे दामू?"

"तूच."

"कंचा देव ऱ्हायला?"

"देव नाय ऱ्हायला. सुनांनी मातुर ऱ्हायाला नकार दिला. दोनी कल्याणला जाऊन बसल्यात."

हिराबाई हसल्या नाहीत. दामूनाना गेल्यावर त्यांनी सुधाकडे बघितलं. "सांग आता. गोळी घेऊ का नको?"

मी अशा वेळी दोन रकाने करते, तसे मनात केले. गोळी न घेता: तोंड ओलं, डोकं साफ, पण आज रात्रीही झोप नाही. गोळी घेऊन: झोप येईल, पण सकाळी जीभ कोरडी. आणि मध्ये खंड पडल्यानं दुखण्यावरचा खरा गुण यायला पुन्हा दोन-तीन आठवडे, उद्यापर्यंत नाही. मला वाटलं, सुधा "घ्या" म्हणेल. ती म्हणाली, "इतक्या रात्रींची झोप नसेल तर नावं गोळीपेक्षा जास्त निसटतात. मी अर्धी घ्या म्हणेन, आज दिवस मावळताच, म्हणजे सकाळी गुंगी उरणार नाही. तोंड थोडं सुकेल. पण गायचंय तुम्हाला, ठरवा तुम्ही."

हिराबाईंनी मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंदे, दामूला सांग, हिराबाय येते." आणि सुधापुढे हात केला. "अर्धीच दे. मोडून दे माज्यासमोर."

शनिवार. मांडव

आमच्याकडे लग्न म्हटलं की बँड आणि घड्याळ. मुहूर्ताला दोन मिनिटं कमी असली तरी भटजी कासावीस. इथे सकाळी मांडवात घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. तांदळाच्या पिठानं चौक काढलेला, त्याभोवती दिवे, हळदीची ताटं, पानं लावलेले लोटे. एका बाजूला मुलाकडच्या बायका, दुसरीकडे मुलीकडच्या. मुलगी शहापूर तालुक्यातली, शाई नदीकाठच्या गावची. दोन्ही बाजू एकमेकींची साड्यांपासून भाषेपर्यंत टिंगल करत होत्या.

हिराबाई आल्या. चोळी घातली होती. आतून मऊ धुवट धोतराचा तुकडा लावला होता, ही मंदाची युक्ती. "झोपली मी," त्यांनी सुधाला जाता जाता सांगितलं. "मेल्यावानी."

त्या चौकासमोर बसल्या, मागे मंदा, आणि आमंत्रणं सुरू झाली. गावदेव, म्हसोबा, वाघोबा, धान्याची कणसरी. प्रत्येकाला बोलावणं, प्रत्येकाला बसायला पाट. हिराबाईंची ओळ, मंदाची ओळ. मांडव हळूहळू गप्प झाला. डावा हात आता अंगालगत आला होता, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

आवाज मात्र मला ऐकू येत होता. नाव संपताना तो किंचित फाटत होता. वाडवडिलांची नावं सुरू व्हायच्या आधी तो एकदम थांबला.

हिराबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. मंदानं मागची ओळ पुन्हा म्हटली. थांबली. परत तीच म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दामूनाना खांबाला टेकले होते ते सरळ झाले.

विसरल्या नव्हत्या हो! जीभ चिकटली होती. हे त्या मांडवात आम्हा तिघींनाच माहीत होतं. पण मंदाला ओळ सोडून उठता येत नव्हतं, आणि सुधा पार पलीकडे पुरुषांत अडकली होती. मी उठले. घोटा दुखत होता की नव्हता, आठवत नाही. समोर जो पहिला लोटा दिसला तो उचलला आणि हिराबाईंच्या हातात दिला. त्यांनी वर करून घटाघटा पाणी प्यायलं.

मांडवात एक बारीक "अगो!" उमटलं. मी खाली बघितलं. लोट्यात आंब्याची पानं होती, गळ्याला हळदीचा दोरा. देवांसाठी भरून ठेवलेला मानाचा लोटा होता तो.

दामूनाना पुढे आले. "हिराबाय, ह्ये कंच्या देवाचं पानी?"

मी लंगडत मागे सरकले. हिराबाईंनी तोंड पुसलं, लोटा चौकावर ठेवला, आणि त्याच चालीत, एक मात्रा न चुकवता, गायला लागल्या. काळू नदीला आमंत्रण. डोंगरातून ये, शेतावरून ये, नवऱ्याच्या गावचं पाणी होऊन ये. आवाज मोकळा, ओला. मंदानं ओळ उचलली, जराशी उशिरा, कारण ही ओळ तिनंही पहिल्यांदाच ऐकली होती आणि तिला हसू येत होतं. मग वाडवडील आले, क्रमानं, एक ना एक. दामूनाना बोटांवर मोजत होते. शेवटचं नाव झाल्यावर त्यांनी मूठ मिटली आणि परत खांबाला टेकले.

गोष्ट इथे मिटायला हरकत नव्हती. पण मुलीकडच्या बायकांत चुळबूळ सुरू झाली होती. त्यांच्यातली एक जाडजूड मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्या काळूला आवतान, आणि आमची शाई काय सुकी पडली?"

"तुमचा लोटा कुठाय मंग?" मुलाकडून कुणीतरी.

"आनते की! आमी काय बिनलोट्याच्या आलूय?"

आणि त्या मावशीनं खरंच लोटा आणला, पाण्यानं काठोकाठ, पानं लावून, आणि मानानं हिराबाईंपुढे धरला. हिराबाईंनी गंभीर चेहऱ्यानं तो घेतला, निम्मा प्यायला, आणि शाई नदीला बोलावलं. दोन्ही बाजू खूश. मी सुधाकडे पाहिलं. तिनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला होता.

लग्न लागलं. वरण-भात, वालाची भाजी, बुंदी अशा पंगती उठल्या. जेवणानंतर मी हिराबाईंना शोधत मागच्या पडवीत गेले. तिथे त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चोळीच्या गाठी सोडून, हात पुन्हा अंगापासून लांब. मंदा सुपानं वारा घालत होती. गाणं संपलं होतं. दुखणं आलं होतं. सुधा शेजारी बसून त्यांना समजावत होती की रोज अर्धी, मग बघून पुरी, आणि या वेळी मधेच सोडायची नाही. त्या ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हतं.

ती जाडजूड मावशी पडवीत आली. चोळीकडे, हाताकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"हिराबाय, आमच्याकडं वैशाखात पोरीचं लगीन हाय. तूच ये लावाया. आमच्याकडची बाय देवास्नी बोलावते, पन नदीला पानी देयाचा रिवाज तिला ठावं नाय." मग तिनं आवाज खाली आणला, नीट विचारून घ्यावं तसा. "तयारी काय ठेवू? लोटं किती लागतील?"

हिराबाईंनी डोळे उघडले. सुधाकडे एकदा पाहिलं.

"अर्धी गोळी आसंल तर दोन," त्या म्हणाल्या. "पुरी आसंल तर चार भरून ठेव."